तराजूतला पासंग

नागपूरहून वर्ध्याला जाताना वाटेत केळझर हे गाव लागते. ते वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात आहे. तेथून वर्धा शहर साधारण 25 किलोमीटरवर राहते. गावात जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत. येथील सिद्धिविनायकाचे मंदिर विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक मानले जाते. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजे हेच गाव, आणि भीमाने बकासुराला मारले तेही येथेच, असे लोक सांगतात. गावाभोवती कापसाची आणि तुरीची शेते आहेत.

अशा गावांच्या बाजारात पूर्वी दोन पारड्यांचा तराजू दिसे. तुम्ही तो पाहिला असेल किंवा निदान त्याचे चित्र तरी पाहिले असेल. जाणते गिऱ्हाईक माल घेण्याआधी दुकानदाराला म्हणे, "आधी रिकामा तराजू उचलून दाखवा." रिकामी पारडी समोरासमोर राहिली तर ठीक. पण पुष्कळदा एक पारडे थोडे खाली झुके. तराजूच्या या झुकण्याला पासंग म्हणतात. ते झुकणे भरून काढण्यासाठी हलक्या पारड्यात जो लहानसा खडा बांधतात, त्यालाही पासंगच म्हणतात. हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतून तो उर्दूत आला आणि मराठीतही आला. मराठीत 'पासंगालाही पुरत नाही' असा वाक्प्रचारच आहे.

आता बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. पण तेही वजन करण्याआधी शून्यावर आणावे लागतात.

माणसाच्या मनातही असा एक तराजू असतो. समोर नवीन माणूस आला की आपण त्याला त्यात तोलतो. हा हुशार दिसतो, हा आळशी असावा, हिला गणित जमणार नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे काहीतरी ठरवून टाकतो. त्याने अजून तोंडही उघडलेले नसते! त्याचे नाव, त्याचे कपडे, त्याची बोली, त्याचे गाव, तो मुलगा आहे की मुलगी, एवढ्यावरच पारडे झुकलेले असते. पाहण्याआधीच धरलेल्या अशा मताला मराठीत 'पूर्वग्रह' म्हणतात. पूर्व म्हणजे आधी आणि ग्रह म्हणजे धरलेले मत.

तुम्ही म्हणाल, "यालाच आम्ही तअस्सुब म्हणतो." बरोबर आहे, पण थोडा फरक आहे. तअस्सुब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उघड द्वेष करणारा माणूस येतो. येथे आपण ज्या पूर्वग्रहाबद्दल बोलत आहोत, तो चांगल्या माणसांच्या मनातही असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. तराजू झुकलेला आहे हे दुकानदारालाच ठाऊक नसावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून त्याला नकळत पूर्वग्रह म्हणू.

उघड अन्याय आणि नकळत होणारा अन्याय यांतला फरक समजून घ्यायचा तर केळझरहून वर्ध्याला जाऊ या. तेथे लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. एके काळी त्या काळच्या अस्पृश्यांना तेथे प्रवेश नव्हता. हा नियम उघड होता आणि तो सर्वांना माहीत होता. जमनालाल बजाज यांनी 1928 च्या जुलै महिन्यात ते मंदिर सर्वांसाठी खुले केले. त्यांना विरोध झाला, पण दार उघडले ते उघडलेच. पुढे 1950 मध्ये भारताचे संविधान लागू झाले. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये, असे त्याच्या 15 व्या कलमात सांगितले आहे. उघड नियम असा मोडता येतो. मनातल्या नियमाला मात्र दार नसते. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला तरी शाळेच्या वर्गात आणि कचेरीच्या टेबलावर तो चालूच राहतो.

तो कसा चालतो ते पाहू. सुरुवात भाषेपासूनच करू, कारण हे पुस्तक भाषेचे आहे.

वर्धा-नागपूरकडचा मुलगा घरी वऱ्हाडी वळणाचे मराठी बोलतो. "तू काय करून राहिला?" असे तो विचारतो. "का" म्हणायच्या ऐवजी "काऊन" म्हणतो. हा मुलगा पुण्या-मुंबईच्या वर्गात किंवा कचेरीत गेला की त्याच्या बोलण्यावर लोक हसतात. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण 'ज्याचे मराठी असे, त्याचे डोकेही तसेच' असा हिशेब आत होऊन जातो आणि पुढच्या वेळी तो हात वर करीत नाही. आता गंमत पाहा. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला, तो विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे! महानुभाव पंथाच्या म्हाइंभटाने तो लिहिला. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ज्या भूमीत मराठी गद्य लिहायला सुरुवात झाली, तिथल्या मुलाला 'तुला मराठी येत नाही' असे ऐकावे लागते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी याच्या उलटे वाक्यही ऐकले असेल. तुम्ही दुकानात किंवा बँकेत मराठीत बोलता. समोरचा तुमचे नाव विचारतो आणि ते ऐकून म्हणतो, "अरे वा, तुझे मराठी किती छान आहे!" तो कौतुकच करीत असतो. पण त्याच गावात, तेवढेच मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या नावाच्या मुलाचे तो असे कौतुक करतो का? करीत नाही. म्हणजे कौतुक भाषेचे नव्हते, आश्चर्य नावाचे होते. अशा माणसावर रागावून उपयोग नाही. त्याच्या तराजूत पासंग आहे, एवढे मात्र ओळखून ठेवावे.

नावाचा हा परिणाम किती मोठा असतो? त्याचे एकदा मोजमापच झाले. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ते केले. वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत. त्या जाहिरातींना त्यांनी 66 आठवडे अर्ज पाठवले. एकाच जाहिरातीला सारख्याच शिक्षणाचे आणि सारख्याच अनुभवाचे अर्ज जात. फरक फक्त नावाचा असे. एका अर्जावर वरच्या मानलेल्या जातीचे हिंदू नाव, दुसऱ्यावर दलित नाव आणि तिसऱ्यावर मुस्लिम नाव. अशा 548 जाहिरातींना एकूण 4808 अर्ज गेले. मग कोणाला पुढचे बोलावणे येते ते त्यांनी लिहून ठेवले. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या नावाला बोलावणे येण्याची जेवढी शक्यता होती, तिच्या सुमारे दोन तृतीयांश शक्यता दलित नावाला होती. मुस्लिम नावाला ती सुमारे एक तृतीयांशच होती.

हे आकडे वाचून मन खट्टू होते. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ते अर्ज चाळणाऱ्या माणसांना विचारले असते, तर बहुतेकांनी "आम्ही फक्त पात्रता पाहतो" असेच सांगितले असते, आणि कदाचित ते खोटे बोलत आहेत असे त्यांना स्वतःलाही वाटले नसते. टेबलावर अर्जांचा ढीग असतो आणि एका अर्जाला अर्धे मिनिटही मिळत नाही. घाईत माणूस विचार करीत नाही, जुन्या सवयीने हात चालवतो. एकेका अर्जाकडे पाहून हा पक्षपात कोणाला सिद्धही करता आला नसता. हजारो अर्ज मोजले तेव्हा तो दिसला.

अर्जावर नावाबरोबर पत्ताही असतो. महाराष्ट्रात अनेक वस्त्यांची नावे जातींवरून पडलेली होती. पत्ता वाचला की जात कळे. अशी नावे बदलून त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला.

आता शाळेकडे वळू. शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात तेव्हा त्यांच्या हातून काय होते? रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अभ्यासकांनी भारतातच हा प्रयोग केला. मुलांची एक परीक्षा घेतली. मग उत्तरपत्रिकांवर जातीची, वयाची आणि मुलगा की मुलगी याची माहिती मनाला येईल तशी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, लिहिली आणि त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. ज्या उत्तरपत्रिकांवर खालची मानलेली जात लिहिली होती, त्यांना सरासरीने थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण होता.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की हा फरक गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत जास्त होता. पुढे पुढे तो कमी झाला. सुरुवातीला शिक्षकांचे माप पक्के झालेले नसते, तेव्हा मन दुसरा आधार शोधते. माप पक्के झाले की त्या आधाराची गरज उरत नाही. दुसरी गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. कमी गुण देणाऱ्यांत त्या मानलेल्या खालच्या जातींतलेच शिक्षक होते, वरच्या जातींतल्या शिक्षकांच्या गुणांत तसा फरक आढळला नाही. म्हणजे पासंग फक्त 'त्यांच्या' तराजूत असतो असे नाही. आपल्याला जे वर्षानुवर्षे ऐकावे लागते, ते आपल्याही मनात मुरते. मुलीच मुलीला म्हणते, "गणित आपले काम नाही." उर्दू शाळेतला मुलगाच धाकट्या भावाला म्हणतो, "आपल्याला कोण घेणार?"

ज्याला हलके मानले जाते त्याचे पुढे काय होते, हेही तपासून पाहिले गेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी 2003 मध्ये उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैया सोडवायला दिली. कोणाची जात कोणती हे सांगितले नव्हते, तेव्हा सर्व जातींच्या मुलांनी सारखेच काम केले. दुसऱ्या गटांत मुलांची नावे जातीसकट मोठ्याने वाचली. तेवढ्याने खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचे काम घसरले. मुले तशीच होती आणि कागदही तसाच होता.

शेतातही हा तराजू असतो. केळझरच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली की बायका कमरेला ओटी बांधून उन्हात दिवसभर वाकून बोंडांतला कापूस काढतात. काडीकचरा न येऊ देता भराभर वेचणे हे कसबाचे काम आहे. करून पाहा म्हणजे कळेल! तरीही बाईच्या रोजीपेक्षा गड्याची रोजी जास्त, हा गावोगावचा जुना रिवाज आहे. विचारले तर सांगतात, "गड्याचे काम जड असते." कोणते काम जड आणि कोणते हलके हे कोणी ठरवले? निंदण, वेचणी, पाणी भरणे ही कामे बायका करतात म्हणून ती हलकी झाली. काम तोलण्याआधीच पारडे झुकलेले होते.

कामांतली ही उच्च-नीचता मोडण्याचा एक मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. तेथे ठरलेल्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, तिचे प्रमुख होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी उर्दूत वाचली असेल. या शिक्षणाला 'नई तालीम' असे नाव पडले आणि सेवाग्रामला त्याची शाळा चालली. तेथे सूतकताई, शेतकाम, स्वयंपाक आणि सफाई हा शिक्षणाचाच भाग होता आणि सगळी मुले ही कामे करीत. झाडू अमक्याच्या हाती आणि पुस्तक तमक्याच्या हाती, अशी वाटणी नव्हती. 'सर्व कामे समान आहेत' असे भाषण देणे सोपे असते. सेवाग्रामच्या शाळेने भाषणाऐवजी कामाचे वेळापत्रकच बदलले. मला वाटते, खरा उपाय येथेच आहे.

कारण 'मी पक्षपात करणार नाही' असे मनाशी ठरवून मनाचा पासंग जात नाही. जो दिसतच नाही तो कसा काढणार? त्याऐवजी अशी व्यवस्था करावी लागते की मन झुकले तरी निर्णय झुकू नये. दहावीच्या परीक्षेत तुम्हांला हे अनुभवायला मिळेल. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नसते. बैठक क्रमांक असतो, बारकोड असतो आणि तपासणाऱ्या शिक्षकांना पेपर कोणाचा हे कळत नाही. ही व्यवस्था शिक्षकांवर अविश्वास म्हणून केलेली नाही. शिक्षक हेही माणूसच आहेत, हे ओळखून ती केली आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी असेच केले. नव्या वादकाची निवड करताना त्याला पडद्याआड बसवून वाजवायला लावू लागले. काही ठिकाणी तर जमिनीवर गालिचा अंथरीत, कारण चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येई! तिथल्या पाच मोठ्या वाद्यवृंदांत 1970 च्या सुमारास शंभरात पाच बायकाही नव्हत्या. 1990 नंतरच्या दशकात त्या शंभरात पंचवीसच्या आसपास झाल्या. याचे सगळे श्रेय पडद्याला देता येत नाही, कारण त्या काळात संगीत शिकणाऱ्या बायकाही वाढल्या होत्या.

पडदा हा सगळीकडे चालणारा उपाय नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये 2010-11 साली अर्जांवरची नावे झाकून पाहिली. तेथे परदेशी घराण्यांतल्या उमेदवारांचे नुकसानच झाले. ज्या कंपन्या या प्रयोगात आपणहून आल्या, त्या आधीपासूनच अशा उमेदवारांना सांभाळून घेत होत्या. नाव झाकल्यावर त्यांना तसे करता येईना. म्हणून व्यवस्था केली की तिचा परिणामही मोजावा लागतो. शिवाय मुलाखतीत समोर बसलेल्या माणसावर पडदा टाकता येत नाही. तेथे प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि प्रत्येक उत्तराचे गुण लगेच लिहावेत. शेवटी 'एकंदर कसा वाटला' असे ठरवायला बसले की पासंग पुन्हा हजर होतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतही असा एक बदल झाला. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीचे नवे पुस्तक काढले. त्यातल्या एका चित्रात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले. डॉक्टर आणि वाहतूक पोलीस बाई होत्या, तर कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष होता. तुमच्या घरी धाकटी भावंडे असतील तर त्यांची पुस्तके उघडून पाहा. कोण काय काम करताना दाखवले आहे, ते मोजा.

तुमच्या वर्गातही मोजता येईल. एक वही घ्या आणि आठवडाभर टिपून ठेवा. उत्तरासाठी कोणाकोणाला उभे केले? सोपा प्रश्न कोणाला आणि अवघड कोणाला? फळा पुसायला कोण गेले, बाके उचलायला कोण, पाहुणे आले तेव्हा पाणी कोणी आणले, समोर बोलायला कोण उभे राहिले? मागच्या बाकावरच्या कोणाचे नाव आठवडाभरात एकदाही घेतले गेले नाही? बकासुराच्या गोष्टीत गाडाभर अन्न घेऊन जाण्याची प्रत्येक घरावर निदान पाळी येई. आपल्या वर्गात कदाचित पाळीच नसेल, त्याच त्याच घरातून गाडा निघत असेल. टिपताना आपले खातेही उघडा. मधल्या सुट्टीत तुम्ही डबा कोणाबरोबर खाता आणि कोणाबरोबर कधीच खात नाही? खेळताना संघात शेवटी कोणाला घेता?

आठवड्याच्या शेवटी वही घेऊन बाईंकडे किंवा सरांकडे जा. "तुम्ही पक्षपात करता" असे म्हणू नका. ते खरेही नसेल आणि त्याने त्यांचे मन दुखावेल. वही पुढे करा आणि एवढेच म्हणा, "बाई, या आठवड्यात फळा पुसायला आठही वेळा मुलीच गेल्या आणि पाहुण्यांसमोर तिन्ही वेळा मुलेच बोलली. पुढच्या आठवड्यापासून हजेरीच्या क्रमाने पाठवू या का?"